बार्बाडोसच्या झेंड्यावरचा त्रिशूळ अर्धाच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बार्बाडोसच्या झेंड्यावर त्रिशूळ आहे. उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांमुळे शंकराचा त्रिशूळ तिथे पोचला, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं का? शिवाय मुलीच्या शाळेत देशोदेशींचे झेंडे करायचे आहेत आणि तिच्या वाट्याला नेमका हाच आलाय. तो नीट कसा करायचा?"

मेसेज खोटा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्रिशूळ खरा आहे आणि त्याची गोष्ट मेसेजमधल्या गोष्टीपेक्षा बरीच चांगली आहे. मी गेली सत्तावीस वर्षं झेंडे शिवण्याच्या धंद्यात आहे. हॉटेलं, परिषदा, शाळा, क्रीडास्पर्धा, जिथे एका ओळीत पन्नास देशांचे झेंडे लागतात तिथे आमच्यासारख्यांचं काम असतं. या धंद्यात बार्बाडोसने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय, म्हणून हा झेंडा जरा जास्तच लक्षात राहिलेला.

झालं असं की एका परिषदेसाठी चाळीसेक देशांचे झेंडे करायचे होते. बार्बाडोसच्या झेंड्याची प्रिंट काढून मी मास्तरांना दिली: निळा, सोनेरी, निळा असे तीन उभे पट्टे, मधल्या सोनेरी पट्ट्यावर काळा त्रिशूळ. संध्याकाळी जाऊन बघतो तर त्रिशूळाचा दांडा लांबत लांबत पार खालच्या किनारीला टेकलेला. मी म्हटलं, मास्तर, हे काय? ते म्हणाले, "शेठ, तुमच्या प्रिंटमध्ये खालचा भाग कापला गेला होता, मी पुरा करून घेतला. देवाचं हत्यार अर्धं कसं ठेवायचं?"

आता यात मास्तरांना काय बोलणार? आपल्याकडे मूर्तीला तडा गेला तर ती पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. मोडलेली वस्तू देव्हाऱ्यात नको, दारात नको, मग देशाच्या झेंड्यावर कुठून असेल? पण बार्बाडोसच्या झेंड्यात नेमका तो नसलेला दांडाच महत्त्वाचा आहे. तो पुरा केलात की झेंड्याचा अर्थ उलटा होतो. माझ्या मास्तरांनी नकळत एका स्वतंत्र देशाला पुन्हा इंग्रजांची वसाहत करून ठेवलं होतं.

कसं ते सांगतो. बार्बाडोस हे साधारण ४३० चौरस किलोमीटरचं बेट, म्हणजे जवळपास आपल्या मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं. लोकवस्ती मात्र पावणेतीन लाखांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. इंग्रजांनी १६२७ मध्ये इथे वसाहत केली आणि १९६६ पर्यंत ती सोडली नाही. कॅरिबियनमधली बाकीची बेटं फ्रेंच, डच, स्पॅनिश, इंग्रज यांच्यात चेंडूसारखी फिरली. एकटं सेंट लुसिया चौदा वेळा इंग्रजांकडून फ्रेंचांकडे आणि फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं, असं म्हणतात. बार्बाडोस मात्र सव्वातीनशेहून जास्त वर्षं सलग एकाच हातात. म्हणून त्याला 'लिटल इंग्लंड' असंही नाव पडलं. लंडनमध्ये इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या प्रसिद्ध स्तंभाचं नावही निघालं नव्हतं, तेव्हा म्हणजे १८१३ मध्येच बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनमध्ये नेल्सनचा पुतळा उभा राहिला होता. (तो काढला २०२० मध्ये.)

या बेटाचं जुनं सरकारी चिन्ह असं होतं: समुद्रावरून एक रथ चाललाय, त्याला दोन समुद्रअश्व जोडलेत, रथात मुकुट घातलेला राज्यकर्ता बसलाय आणि त्याच्या हातात त्रिशूळ आहे. हा त्रिशूळ ग्रीकांच्या पोसायडनचा, रोमन लोकांच्या नेपच्यूनचा, म्हणजे समुद्रदेवाचा. मुळात तो मासे मारायचा भाला. ज्याच्या हाती त्रिशूळ त्याचा समुद्र, आणि ज्याचा समुद्र त्याचीच त्यातली बेटं, असा सरळ हिशोब. सतराव्या शतकातल्या शिक्क्यापासून ही कल्पना चालत आली होती. पुढे वसाहतीचं निशाण ठरलं तेव्हा निळ्या कापडाच्या एका कोपऱ्यात युनियन जॅक आणि दुसऱ्या बाजूला हा रथ, अशी मांडणी झाली. ते निशाण १९६६ पर्यंत फडकत होतं.

याच चित्राची एक आवृत्ती मला कुठल्याही झेंड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. १७९२ मध्ये बार्बाडोससाठी तांब्याची पेनी पाडली होती. तिच्या एका बाजूला राजा, समुद्ररथात बसलेला, हाती त्रिशूळ. दुसऱ्या बाजूला एका आफ्रिकन गुलामाचं मस्तक, डोक्यावर पिसांचा मुकुट, आणि खाली दोन इंग्रजी शब्द, ज्यांचा अर्थ 'मी सेवा करतो'. उसाचे मळे, साखरेचा पैसा आणि आफ्रिकेतून जहाजं भरभरून आणलेली माणसं, एवढी मोठी व्यवस्था त्या एका नाण्याच्या दोन बाजूंत मावली आहे. त्रिशूळ कोणाच्या हातात आणि कोणाच्या डोक्यावर, हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा त्रिशूळ आपल्या मुंबईतही येऊन गेलाय, पण तोही शंकराचा नव्हे. १८९५ पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिश 'ट्रेड डॉलर' नावाचं चांदीचं नाणं पाडायला लागले आणि त्यातली पुष्कळ नाणी मुंबईच्या टाकसाळीत पडली. त्यावर ब्रिटानिया, म्हणजे आपल्या भारतमातेसारखी ब्रिटनची प्रतिमा, उभी आहे, एका हाताशी ढाल, दुसऱ्या हातात त्रिशूळ. टाकसाळीची खूण असलेलं बारीक इंग्रजी 'बी' अक्षर कुठे कोरलंय माहितेय? त्रिशूळाच्या मधल्या टोकावर. जुनी नाणी जमवणारं कोणी ओळखीचं असेल तर भिंग घेऊन बघा.

आता मेसेजमधल्या मजुरांकडे येतो. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षं रेंगाळली आणि १८३८ मध्ये खरी सुटका झाली. त्यानंतर गयानात आणि त्रिनिदादमध्ये सुटलेले लोक मळे सोडून मोकळ्या जमिनीवर जाऊन राहिले, मळेवाल्यांना माणसं मिळेनात, म्हणून भारतातून करारावर मजूर नेले. गयानात सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार. बार्बाडोसमध्ये ही वेळ आलीच नाही, कारण मोकळी जमीनच नव्हती. इंच न् इंच उसाखाली. सुटलेली माणसं जाणार कुठे? त्याच मळ्यांवर, पडेल त्या मजुरीवर राबत राहिली. उलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामा कालवा खणायला हजारो बार्बेडियन तरुण बाहेर पडले. बार्बाडोसमध्ये जे थोडे भारतीय आहेत त्यांचे पूर्वज विसाव्या शतकात बंगालमधून आणि सुरतेकडून गेले. ते मजूर नव्हते. कपड्यांची गाठोडी घेऊन दारोदार विकणारे फेरीवाले आणि दुकानदार होते. झेंड्यावरच्या त्रिशूळाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

मग तो मोडका त्रिशूळ आणला कोणी? एका चित्रकलेच्या मास्तरांनी. स्वातंत्र्य ठरलं तेव्हा सरकारने झेंड्यासाठी खुली स्पर्धा ठेवली. १,०२९ प्रवेशिका आल्या. एवढ्याशा बेटावर एवढी चित्रं, म्हणजे गल्लोगल्ली कोणी ना कोणी कागद-रंग घेऊन बसलं असणार. त्यातून निवड झाली ग्रँटली प्रेस्कॉड या कलाशिक्षकाच्या रेखाटनाची. त्याच वर्षी मे महिन्यात शेजारचा गयाना स्वतंत्र झाला, त्याच्या झेंड्याची मूळ कल्पना व्हिटनी स्मिथ नावाच्या अमेरिकन ध्वज-अभ्यासकाची. दोन्ही झेंडे देखणे आहेत, पण बार्बाडोसचा झेंडा घरचा आहे आणि ते दिसतं. जुन्या चिन्हातलं नेमकं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, हे त्या चिन्हाखाली वाढलेल्या माणसालाच अचूक कळतं.

प्रेस्कॉड यांनी केलं काय? राजा काढला, रथ काढला, समुद्रअश्व काढले, युनियन जॅक काढला. उरला त्रिशूळ. मग त्याचा दांडाही काढला. म्हणजे ज्या जागी राजाची मूठ होती तीच जागा गायब केली. पकडायलाच काही नाही! वसाहतीच्या काळाशी नातं तुटलं, हा त्याचा अधिकृत अर्थ. पण मला या मांडणीतलं कसब जास्त भावतं. साखळी तुटलेली दाखवणं सोपं असतं. ब्रिजटाउनजवळ कार्ल ब्रूडहेगन यांचा १९८५ चा पुतळा आहे, मुठी उंचावलेला, बेड्या तुटलेला माणूस. तो प्रभावी आहेच. झेंड्यात मात्र बेड्या मोडलेल्या नाहीत, मालकाचं हत्यार मोडलंय आणि टोकं आपल्याकडे ठेवली आहेत.

या झेंड्याच्या दीडशे वर्षं आधी याच बेटावर वेगळं घडलं होतं. १८१६ च्या एप्रिलमध्ये गुलामांनी मोठं बंड केलं. त्याचा पुढारी म्हणून बुसा या गुलामाचं नाव घेतात आणि आज तो तिथला राष्ट्रीय वीर आहे. बंडवाल्यांकडे निशाणं होती. त्यांच्यातल्या एका निशाणाचं रेखाटन लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टिकून आहे आणि त्यावर चक्क ब्रिटानिया आहे. राजाने आपल्याला मुक्त केलंय आणि मळेवाले ते दडवून ठेवताहेत, अशी वार्ता त्यांच्यात पसरली होती. म्हणून मळेवाल्यांविरुद्ध लढतानाही राजाचं चिन्ह आपल्या बाजूला घेतलं. बंड चिरडलं गेलं, शेकडो माणसं मारली गेली. १९६६ मध्ये तेच बेट पुन्हा इंग्रजी चिन्हाला हात घालतं आणि यावेळी ते अर्धं मोडून घेतं. या दोन निशाणांच्या मधे जे दीडशे वर्षांचं शहाणपण आहे ते शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येत नाही.

मधे एक फसलेला प्रयोगही झाला होता. १९५८ मध्ये इंग्रजांच्या दहा कॅरिबियन वसाहतींनी मिळून वेस्ट इंडीज महासंघ केला. त्याचा झेंडा शिल्पकार एडना मॅनली यांनी दिला: निळ्यावर पांढऱ्या लाटा आणि मधे नारिंगी-सोनेरी सूर्य. पंतप्रधान बार्बाडोसचेच ग्रँटली ॲडम्स. जमैका बाहेर पडलं आणि १९६२ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. वेस्ट इंडीज एकत्र उरलं ते मुख्यतः क्रिकेटच्या मैदानावर. पण निळ्यावर सोन्याची ती कल्पना पुष्कळ बेटांनी आपापल्या परीने पुढे नेली.

बार्बाडोसचा झेंडा पहिल्यांदा चढला तो १९६६ च्या २९ आणि ३० नोव्हेंबरच्या मधल्या मध्यरात्री, गॅरिसन सव्हाना या मैदानावर. जिथे घोड्यांच्या शर्यती होतात आणि एके काळी गोऱ्या पलटणी कवायत करायच्या तीच ही जागा. झेंडा चढवणारे होते बार्बाडोस रेजिमेंटचे लेफ्टनंट हार्टली डॉटिन. पहिले पंतप्रधान एरल बॅरो. २०२१ मध्ये, पुन्हा ३० नोव्हेंबरलाच, बार्बाडोस प्रजासत्ताक झालं, इंग्लंडची राणी राष्ट्रप्रमुख राहिली नाही. तेव्हा झेंडा बदलायची गरज पडली नाही. पंचावन्न वर्षांपूर्वीच त्यावरचा राजा उतरवून झाला होता.

गंमत म्हणजे त्याच २०२१ मध्ये तिथल्या क्रिकेट लीगमधल्या 'बार्बाडोस ट्रायडंट्स' संघाचं नाव बदलून 'बार्बाडोस रॉयल्स' झालं, कारण तो राजस्थान रॉयल्सच्या मालकांनी घेतला. देशाने राजघराणं सोडलं आणि संघाने त्रिशूळ सोडून राजेशाही घेतली. धंदा आहे, चालायचंच.

आता रंग. निळा दोन बाजूंना, समुद्र आणि आकाशासाठी. सोनेरी मधे, किनाऱ्यावरच्या वाळूसाठी. त्रिशूळाची तीन टोकं म्हणजे लोकांचं, लोकांनी आणि लोकांसाठी चालवलेलं राज्य. हे स्पष्टीकरण अधिकृत आहे, मुलीने प्रकल्पात लिहावं. माझं मत विचाराल तर तीन टोकांचा हा अर्थ नंतर चिकटवल्यासारखा वाटतो. तीन टोकं असलेल्या कुठल्याही वस्तूला तो लावता येईल, अगदी बेलाच्या पानालाही. मोडलेल्या दांड्याचा अर्थ मात्र दुसऱ्या कशाला लावता येत नाही. काळ्या रंगाबद्दल लोक आफ्रिकन वंशाचा अर्थ सांगतात. तो सुचणं साहजिक आहे, पण अधिकृत वर्णनात निळ्याचा आणि सोनेरीचाच अर्थ दिलेला असतो, म्हणून मी शाळेच्या वहीत तो ठामपणे लिहिणार नाही.

बेटाचं राजचिन्ह वेगळं आहे, त्याची आणि झेंड्याची गल्लत करू नका. त्यावर त्रिशूळ नाही. ढालीवर एक अंजीर जातीचं झाड आहे, ज्याला वडासारख्या पारंब्या लोंबतात. पोर्तुगीज खलाशांना त्या दाढ्या वाटल्या आणि त्यावरून बेटाला बार्बाडोस, म्हणजे 'दाढीवाले', हे नाव पडलं असं मानतात. बाजूला दोन लाल-पिवळी फुलं आहेत. ती तिथली राष्ट्रीय फुलं, आणि तीच आपल्याकडे कुंपणावर दिसणारी शंकासुराची. म्हणजे शंकराचं काही सापडलं नाही तरी शंकासूर सापडला.

आता तुमचा खरा प्रश्न: करायचा कसा?

माप २:३ घ्या, म्हणजे दोन फूट उंची तर तीन फूट लांबी. आपल्या तिरंग्याचंही प्रमाण हेच, त्यामुळे घरात तिरंगा असेल तर तो मापाला घेता येईल. तयार बाजारी झेंड्यांत सगळे देश एकाच १:२ च्या साच्यात कोंबलेले असतात, ते बघून काढू नका, त्रिशूळ फताडा होतो. तीन पट्टे उभे आणि सारख्या रुंदीचे.

निळा निवडताना बहुतेक जण चुकतात. गणवेशाचा नेव्ही ब्लू नको आणि आकाशी तर नकोच. हवा तो अल्ट्रामरीन. दुकानात हे नाव सांगून कळलं नाही तर पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ आठवा, ती कोरडी पूड असताना जशी दिसते तसा. सोनेरी म्हणजे जरीचा चमकीचा नव्हे आणि लिंबाचा पिवळाही नव्हे. हापूसच्या फोडीकडे झुकणारा, जरा गडद पिवळा. साटीन घेऊ नका. चमकतं छान, पण निळ्याच्या शेजारी पिवळं साटीन हिरवट मारतं आणि शिवताना सरकतं.

त्रिशूळ कापडावर रंगवण्यापेक्षा काळं कापड कापून चिकटवा किंवा शिवा. पुठ्ठ्याचा साचा करायचा असेल तर कागद उभा मधोमध दुमडा आणि अर्धाच त्रिशूळ काढून कापा, उलगडला की दोन्ही बाजू सारख्या येतात. आमच्या धंद्यात हा झेंडा आवडायचं हेही एक कारण आहे. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी, त्यामुळे झेंडा मागून पाहिला तरी तसाच दिसतो. शेजारच्या डॉमिनिकाच्या झेंड्यावर सिसेरू पोपट आहे. सुंदर आहे, पण तो दोन्ही बाजूंनी शिवायचा म्हणजे कारागीर रजेवर जातो.

मात्र वर-खाली उलटा लागला तर इथे लपत नाही, त्रिशूळाची टोकं थेट जमिनीत घुसतात. दोरीची पट्टी शिवण्याआधी टोकं आकाशाकडे आहेत ना, एकदा बघून घ्या.

आणि दांडा. तो जिथे संपतो तिथे सरळ आडवा काप द्या. 'मोडलेला' म्हणून करवतीसारखे दाते काढायचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. झेंड्यावर तसं काही नाही, काप स्वच्छ आहे. खाली सोनेरी कापड रिकामं राहील, ते रिकामंच राहू द्या. वर्गात बाई विचारतीलच, खालचा भाग राहिला का गं? तेव्हा मुलीला पेनीची गोष्ट सांगू द्या.

माझ्या मास्तरांनी शिवलेला तो अख्ख्या दांड्याचा झेंडा मी परिषदेला पाठवला नाही, रात्री बसून दुसरा केला. पहिला अजून कारखान्यात आहे. नवीन पोरगा कामाला आला की त्याच्यासमोर दोन्ही झेंडे ठेवतो आणि विचारतो, यातला चुकलेला कुठला? आजवर सगळ्यांनी बरोबर झेंड्याकडेच बोट दाखवलंय.